असशील तर

थोरली : थांब, आधी ती पर्स तिथून उचल. प्लास्टर ओलं आहे. हं, बस आता. काय म्हणालीस, कोणी कोणासाठी प्रार्थना केली?

धाकटी : प्रयोगसरांनी. भिंगरीसाठी. भर वर्गात, मोठ्याने.

थोरली : प्रयोगसर म्हणजे तुझ्या शाळेतले विज्ञानाचे सर? ज्यांनी तुझी प्रार्थना बंद पाडली, तेच?

धाकटी : माझी नाही गं. शाळेची.

थोरली : तेव्हा तर 'माझी प्रार्थना, माझी प्रार्थना' चाललं होतं. याच स्टुलावर बसून त्या माणसाच्या नावाने बोटं मोडत होतीस.

धाकटी : मोडत होते. म्हणून तर आता डोकं चालेनासं झालंय. ताई, उद्या शिक्षण खात्यातले साहेब येणार आहेत चौकशीला. मुख्याध्यापिका म्हणून ते आधी मला विचारणार, काय झालं आणि तुमचं मत काय. काय झालं ते मी सांगेन. पण माझं मत काय आहे ते मलाच माहीत नाही.

थोरली : मग मला पहिल्यापासून सांग. माझे हात चालू राहतील, कान मोकळे आहेत. ही कवळी उद्या सकाळी डॉक्टरांकडे पोचवायची आहे, त्या आजोबांनी गेले कित्येक दिवस पेजेवर काढलेत.

धाकटी : पहिल्यापासून म्हणजे, प्रयोगसर आमच्याकडे आले तिथपासून. तेव्हा सकाळी सगळी शाळा मैदानात उभी राहायची आणि प्रार्थना व्हायची. तुला माहीतच आहे ती, आपण पण हीच म्हणायचो शाळेत. मी पुढे उभी राहून म्हणायचे, मुलं मागून. मला फार आवडायचं ते. एवढी धुमाकूळ घालणारी पोरं, पण तेवढा वेळ एक सूर लागायचा. तर हे सर पहिल्याच शिक्षक सभेत उठले. आवाज न चढवता म्हणाले, मॅडम, शाळा सरकारी आहे, मुलं सगळ्या घरांतून येतात, मग देव एकाच घरचा का?

थोरली : चूक काय होतं त्यात?

धाकटी : चूक नव्हतं. म्हणून तर राग आला. लहानपणी त्यांना म्हणे प्रार्थनेच्या वेळी वर्गाबाहेर उभं करायचे. त्यांच्या घरचा धर्म वेगळा होता. आता ते कुठलाच मानत नाहीत, पण ते बाहेर उभं राहणं काही विसरले नाहीत. मी सभेत म्हटलं, बघू. बघू म्हणजे नाही, हे त्यांना कळलं. त्यांनी खात्याला लिहिलं, वर्षभर पाठपुरावा केला आणि आदेश आणला. शाळेत कोणीही कुठल्याही धर्माची प्रार्थना म्हणवून घ्यायची नाही. सकाळी थोडा वेळ सगळ्यांनी शांत उभं राहायचं, ज्याला मनात जे करायचंय ते करू दे.

थोरली : आणि तू फुगून बसलीस.

धाकटी : मी आदेश पाळला. पण त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे. फाटकाशी पालक मला गाठून म्हणायचे, बाई, तुमच्यासारखी श्रद्धाळू माणसं असताना असं कसं झालं? मी कानावर हात ठेवायचे, पण आतून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. माणूस मात्र वाईट नाही हं. मुलं जीव टाकतात त्यांच्यावर. काहीही विचारा, त्यांचं उत्तर ठरलेलं, 'चला, करून बघू.' म्हणून प्रयोगसर.

थोरली : ती टॉर्च जरा इकडे धर. खालचा दात वरच्यावर नीट बसतोय का बघू दे. हं. आणि भिंगरी कोण?

धाकटी : सहावीतली मुलगी. धावण्यात शाळेत पहिली. एका जागी उभी म्हणून राहत नाही, तिथून ते नाव पडलं. दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. सरांचा तास चालू होता. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास पालथा घातला की ज्योत का विझते, तो प्रयोग. ग्लास घालायला भिंगरी पुढे आली, ग्लास हातात घेतला, आणि तशीच खाली कोसळली. अंगात सणसणून ताप होता. घरी कोणाला सांगितलाच नव्हता, कारण दुसऱ्या दिवशी शर्यतीची निवड होती.

थोरली : अरे देवा.

धाकटी : सरांनी तिला उचललं आणि जिन्यावरून धावत खाली नेलं. मी ऑफिसातून बाहेर येईपर्यंत ते रस्त्यावर होते. ब्रेडची गाडी चालली होती, ती अडवली आणि तिच्यातच तिला घालून हॉस्पिटलात नेलं. संध्याकाळी फोन आला, मेंदूला सूज आहे, शुद्ध नाही. पहिले दिवस अवघड आहेत, असं डॉक्टर म्हणाले.

थोरली : तू मला तेव्हा काहीच बोलली नाहीस.

धाकटी : काय बोलणार? दुसऱ्या दिवशी शाळेत मी सगळ्या वर्गांतून चक्कर मारत होते, मुलं घाबरलेली असणार म्हणून. सहावीच्या दाराशी आले तर आतून सरांचा आवाज येत होता. झालं होतं असं, की मुलांनीच म्हटलं, सर, आपण तिच्यासाठी प्रार्थना करू या. सरांनी सांगितलं, ज्याला करायची त्याने मनात करा. तर एक पोरगी म्हणाली, मनातली इतक्या लांब ऐकू जाणार नाही, मोठ्याने करायला हवी. आणि तुम्हीच सांगा सर, कारण तुम्ही तिला उचलून नेलंत.

थोरली : बिचारा.

धाकटी : तो माणूस फळ्याशी उभा. सारखा खडू इकडून तिकडे करतोय. मग त्याने खडू ठेवला, हात झटकले आणि जोडले. आणि म्हणाला, 'तू जो कोणी असशील, आणि असशील तर, या मुलीला परत दे.'

थोरली : एवढंच?

धाकटी : एवढंच. आणि वर्गाने ते जसंच्या तसं मागून म्हटलं. 'असशील तर'सुद्धा, अगदी खणखणीत आवाजात. ताई, आयुष्यभर मी प्रार्थना म्हणत आले, म्हणवून घेत आले. पण असा काटा कधी आला नव्हता अंगावर.

थोरली : तू दाराशी होतीस. आणि थांबवलं नाहीस.

धाकटी : नाही. थांबवणं माझं काम होतं. आदेश माझ्या सहीने सूचनाफलकावर लागलाय. पण मी तिथेच हात जोडून उभी राहिले. बाहेर, व्हरांड्यात. आतल्या कोणी पाहिलं नाही.

थोरली : मग तक्रार कोणी केली?

धाकटी : सगळ्यांनी. हसू नकोस. दुसऱ्या दिवशी आधी ते पालक आले ज्यांना प्रार्थना परत हवी होती. खूश होऊन आले. म्हणाले, बघा, शेवटी वेळ आली तेव्हा त्या सरालाही देवच आठवला. मग त्यांच्यातल्या एकाने मुलाला विचारलं, सर नेमकं काय म्हणाले? मुलाने सांगितलं. झालं. 'असशील तर' म्हणजे काय? आमच्या मुलांच्या तोंडी देवाबद्दल शंका घातली, हा अपमान आहे, माफी मागा. ते जेमतेम जिना उतरतायत तोवर दुसरे आले. आदेश तुमच्या सरांनीच आणला, मग मोडला का? आमच्या मुलांना कोणापुढे हात जोडायला लावलेत? दोन्हीकडचे लोक जिन्यात एकमेकांशी बोलले आणि एकमत झालं म्हणे, माणूस बेजबाबदार आहे. खात्याला दोघांनीही लिहिलं, ते मला मागाहून कळलं.

थोरली : चला, निदान एकमत तरी झालं.

धाकटी : मलाही तेव्हा वाटलं, हे निभावेल. दोन्ही बाजूंना चहा पाजेन, समजूत घालेन, चार दिवसांत विसरतील. पण मग पेन्सिलचे वडील आले.

थोरली : पेन्सिल?

धाकटी : भिंगरीच्या बाकावर बसणारी मुलगी. उंच, काटकुळी, तशीच कमी बोलणारी. ही बसणार आणि ती उड्या मारणार, अशी जोडी. तिचे वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. कामावरूनच आले होते, हाताला ग्रीस तसंच होतं म्हणून खुर्चीला हात लावेनात. मला वाटलं, आणखी एक तक्रार. तर म्हणाले, मॅडम, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माझी मुलगी तीन दिवस जेवत नाहीये.

थोरली : का?

धाकटी : त्या दिवशी सगळा वर्ग उभा राहून म्हणत होता तेव्हा पेन्सिल गप्प होती. उभी होती, पण हात खाली आणि तोंड बंद. मुलांनी ते पाहिलं. आणि दुसऱ्याच दिवशी भिंगरीचं जास्त झालं, श्वासासाठी मशीन लावावं लागलं. वर्गात कुजबुज सुरू झाली की सगळ्यांनी म्हटलं असतं तर पोचलं असतं. हिने म्हटलं नाही म्हणून अर्धवट राहिलं.

थोरली : कोण म्हणालं असं?

धाकटी : कोण म्हणून सांगू? वर्ग म्हणाला. कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त पुढचा बाक पुढे सरकला आणि मागचा मागे. मधे ही एकटी. डबा खायला बसली की सगळे उठून दुसरीकडे. तिला तोंडावर कोणी काही म्हटलं नाही आणि म्हणून तिला कोणाला उत्तरही देता येईना. मग तिने शाळेत येणंच सोडलं.

थोरली : आणि हे तुला बापाकडून कळलं.

धाकटी : हो. माझ्याच शाळेत. मी त्या वर्गावरून दिवसातून दहा वेळा जाते, मला वाटत होतं मुलं दुःखात आहेत म्हणून शांत आहेत. वडील म्हणाले, आमच्याही घरी प्रार्थना असते, पण वेगळी, आणि घरापुरती. तिला आम्ही कधी सांगितलं नाही की दुसरी म्हणू नकोस. ती का गप्प बसली मला माहीत नाही, विचारलं तर सांगत नाही. मला कोणाला शिक्षा नकोय. तिच्यामुळे काही झालेलं नाही, एवढं तिला कोणीतरी सांगा. मी सांगून पाहिलं, तिला पटत नाही. ती म्हणते, सरांनी सांगायला पाहिजे.

थोरली : सरांना कळलं तेव्हा?

धाकटी : मी बोलावून सांगितलं. ते खुर्चीत बसले होते, ऐकता ऐकता उठून उभे राहिले. जसा शिक्षा झालेला मुलगा उभा राहतो ना, तसे. म्हणाले, मॅडम, वर्षभर मी खात्याला हेच तर लिहीत होतो. एका मुलाला असं एकटं पाडतात म्हणून. आणि ते मीच केलं. माझ्याविरुद्ध लिहा. मी म्हटलं, लिहायचं नंतर बघू, आधी चला. त्याच संध्याकाळी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो.

थोरली : बोलत राहा. मी फक्त हे मेण गरम करते.

धाकटी : दोन खोल्यांचं घर. आई कामावर गेलेली. पेन्सिल मोरीत बसून बूट धूत होती. एकच बूट. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, सरांनी भिंगरीला जिन्यावरून नेलं तेव्हा तिच्या पायातला एक बूट गळून पडला होता. तो हिने उचलून घरी आणला होता. बुटाच्या तळाची माती जुन्या दात घासायच्या ब्रशने काढत होती. आधीच स्वच्छ झालेला होता तो, रोजच घासत असणार.

थोरली : पोरगी.

धाकटी : सर तिच्या शेजारी ओल्या फरशीवर खाली बसले, पँटसकट. मी दारात. सर म्हणाले, तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही. भिंगरीला आजार झालाय, जंतूमुळे झालाय, औषध चालू आहे. तिने विचारलं, 'मी म्हटलं असतं तर ती बरी झाली असती?' सर म्हणाले, नाही. 'सगळ्यांनी म्हटलं, त्याने काही झालं?' सर म्हणाले, नाही, त्यानेही नाही. मग ती बूट खाली ठेवून म्हणाली, 'मग तुम्ही का म्हणालात?'

थोरली : काय म्हणाला तो?

धाकटी : ताई, मला वाटलं आता ते समजावून सांगतील. मानसिक आधार वगैरे, त्यांना येतं तसलं बोलायला. पण ते त्या नळाकडे बघत बसले. मग म्हणाले, 'मला भीती वाटली होती.' आणि ती म्हणाली, 'मलाही. म्हणून मी गप्प बसले.'

थोरली : म्हणजे कसं?

धाकटी : मीही तेच विचारलं. तर तिचं असं, की सगळे म्हणाले 'परत दे', म्हणजे ती गेली असंच झालं ना? मी म्हटलं तर ती गेलीय हे मी कबूल केलं असतं. म्हणून तोंड उघडलं नाही. धर्म नाही, घरची शिकवण नाही, काहीच नाही. आम्ही मोठी माणसं तिच्या गप्प राहण्यात काय काय शोधत होतो.

(थोरली स्पिरिटचा दिवा विझवते.)

थोरली : मग आली का शाळेत?

धाकटी : दुसऱ्या दिवशी वडील घेऊन आले. सरांनी सगळा तास त्याच विषयावर घेतला. जंतू म्हणजे काय, औषध कसं काम करतं, आजार कोणाच्या बोलण्या-न बोलण्याने वाढत नाही. फळाभर चित्रं काढली. शेवटी वर्गासमोर म्हणाले, मी त्या दिवशी तुमच्याकडून जे म्हणवून घेतलं ते मी करायला नको होतं. चूक माझी. पेन्सिलची नाही. मुलांनी ऐकून घेतलं, बाक परत जवळ आणले. मला वाटलं, चला, सुटलो. आणि त्याच दुपारी हॉस्पिटलातून फोन आला, भिंगरीने डोळे उघडले.

थोरली : हे आधी सांगायचं. माझा जीव इतका वेळ टांगणीला लागला होता.

धाकटी : आता ठीक आहे ती. जेवते, बोलते, भांडतेसुद्धा. धावायला वेळ लागेल, पण धावेल म्हणतात. पण ताई, तू जरा मुलांच्या डोक्याने विचार कर. पेन्सिल नव्हती तोवर भिंगरी बरी होत नव्हती. पेन्सिल सकाळी शाळेत आली, भिंगरीने दुपारी डोळे उघडले.

थोरली : नको.

धाकटी : हो. आता वर्गाचं म्हणणं, हिच्यातच काहीतरी आहे. गणिताच्या चाचणीआधी पोरं तिच्या बाकाशी गेली. तू आमच्यासाठी मनात म्हण. एकाने कंपासपेटी पुढे केली, हिला हात लाव म्हणून. तिने आधी नाही म्हटलं, मग चिडली, मग रडली. आता कोणी तिच्यापासून दूर बसत नाही, उलट जवळ बसायला भांडतात. आणि ती मला म्हणते, बाई, आधीचं बरं होतं.

थोरली : आणि सर? जंतूंची चित्रं?

धाकटी : सर म्हणाले, पुन्हा एकदा समजावलं. मुलं सगळं बरोबर सांगतात, जंतू, औषध, सूज. पेपरात पैकीच्या पैकी देता येतील. आणि शेवटी म्हणतात, 'हो सर, पण तरी.' माझ्यासमोर डोकं धरून बसले. म्हणाले, मॅडम, मी एक वाक्य बोललो, ते आता माझ्या हातात राहिलं नाही. आणि मग जरा वेळाने हळूच म्हणाले, भिंगरीने डोळे उघडल्याचं कळलं तेव्हा मला कोणाचे तरी आभार मानायचे होते. कोणाचे ते कळेना. म्हणून डॉक्टरांना दोनदा थँक्यू म्हणालो.

थोरली : मला आवडला हा माणूस.

धाकटी : मलाही. पंचाईत तीच आहे. प्रार्थना बंद पाडली तेव्हा तो बरोबर होता आणि मला आवडत नव्हता. प्रार्थना केली तेव्हा चुकला आणि मला आवडायला लागला. हे साहेबांना कसं सांगू?

थोरली : हे सांगूच नकोस. एक विचारू? तुझी ती जुनी प्रार्थना होती, मैदानातली. त्यात म्हणत नसलेलं कोणी नव्हतंच, असं वाटतं तुला?

धाकटी : सगळे म्हणायचे. एक सूर असायचा, सांगितलं ना.

थोरली : आई आपल्याला संध्याकाळी बसवायची, आठवतं? तू एका बाजूला, मी एका बाजूला.

धाकटी : आठवतं म्हणजे काय. मी अजून तेच म्हणते.

थोरली : मी म्हणत नव्हते. नुसते ओठ हलवायचे.

धाकटी : काहीतरीच. तू माझ्यापेक्षा मोठ्याने म्हणायचीस.

थोरली : सुरुवातीला. नंतर तुझा आवाज इतका मोठा झाला की माझा नाही हे कोणाला कळलं नाही. वर्षानुवर्षं हलवले ओठ. म्हणून आता दातांचं काम बरं जमतं.

धाकटी : थट्टा नको करूस. आईला माहीत होतं?

थोरली : माहीत नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

धाकटी : मला का नाही सांगितलंस?

थोरली : तुला किती आनंद व्हायचा त्यात. डोळे मिटून डोलायचीस. आणि खरं सांगायचं तर मला त्रास काही नव्हता. मला कोणी बाहेर उभं केलं नाही, माझा बाक कोणी सरकवला नाही. आपल्याच घरातलं होतं ते. फक्त एवढंच, की आई गेली तेव्हा सगळे म्हणत होते आणि मला खरंच म्हणावंसं वाटलं, तर येईना. ओठ हलले, पण आवाज नाही. सवय झाली होती.

धाकटी : ताई.

थोरली : अगं, जुनं झालं ते. रडायला लागू नकोस, इथे सगळीकडे प्लास्टरची पूड आहे, डोळे चोळलेस तर आणखी पंचाईत. तुझ्या साहेबांचं बोल. काय सांगणार आहेस?

धाकटी : येताना ठरवलं होतं, सांगेन की भावनेच्या भरात झालं, प्रार्थना कुठल्याच धर्माची नव्हती, सबब आदेश मोडलेला नाही. वाक्यसुद्धा तयार केलं होतं. चांगलं होतं ते वाक्य. सर वाचले असते, मी वाचले असते.

थोरली : आणि आता?

धाकटी : आता ते खोटं वाटतंय. कुठल्या धर्माची नव्हती हे खरं, पण त्याने पेन्सिलला काय फरक पडला? तिचा बाक तर सरकलाच. मग आदेश मोडला असंच म्हणावं लागेल. सरांनी मोडला, आणि मी दाराशी उभी राहून मोडू दिला. दोघांची नावं सांगेन. जे काय होईल ते दोघांचं होऊ दे.

थोरली : नोकरीवर येईल?

धाकटी : समज मिळेल. फार तर एकाची बदली. सरांची होऊ नये असं वाटतं, पोरं कोलमडतील. माझी झाली तर झाली. आणि नियम बरोबर आहे, हेही सांगेन. हे मी कधी बोलेन असं वाटलं नव्हतं, पण सांगेन. भिंगरी बरी झाली नसती तर त्या पेन्सिलने काय घेऊन जगायचं होतं, याचा विचार केला की दुसरं काही म्हणताच येत नाही.

थोरली : झालं तर मग. तुझं मत तुला कळलं की.

धाकटी : कुठे कळलं? तू ऐक ना. नियम बरोबर आहे, हे डोक्याला पटलंय. पण त्या वर्गातला तो क्षण आठवला की अजूनही वाटतं, त्या वेळी त्या मुलांना दुसरं काय द्यायला हवं होतं? घाबरलेली चाळीस पोरं समोर बसलीयत आणि म्हणतायत, आम्हाला काहीतरी करू द्या. त्यांना जंतूंची चित्रं दाखवायची? नुसतं गप्प बसा म्हणायचं? त्या गप्प बसण्याचाच धाक वाटत होता त्यांना. मला काही सुचत नाही. सरांनाही सुचत नाही. काल मी घरी रोजच्यासारखी म्हणायला बसले तर मधेच तोंडात त्यांचं वाक्य आलं. 'असशील तर.' माझ्या तोंडात, ताई. माझ्या. मी तिथेच थांबले.

थोरली : मग?

धाकटी : मग काय, पुढचं म्हटलं. अर्धवट कसं सोडणार? पण आधीसारखं नाही झालं. कोणीतरी ऐकतंय का याकडे कान लावून म्हटल्यासारखं झालं.

थोरली : ते वाईट होतं?

धाकटी : नाही. वाईट नव्हतं. तेच तर.

थोरली : बरं. मग मला एवढंच सांग. हे साहेब येतील, जातील. समज मिळेल, फाइल बंद होईल. उद्या-परवा पुन्हा कोणी मूल आजारी पडेल, पुन्हा एखादा वर्ग हट्ट धरेल आणि पुन्हा एखादे सर किंवा बाई हात जोडतील. तुला ऑफिसात ऐकू येईल. थांबवशील?

धाकटी : थांबवीन.

थोरली : लगेच?

धाकटी : लगेच. म्हणजे, ऑफिसातून त्या वर्गापर्यंत जायला जेवढा वेळ लागेल तेवढाच.

थोरली : धावत जाशील की चालत?

धाकटी : ते मला अजून ठरवता येत नाहीये.